तालुक्याला नेमके कोणते कारागीर कमी पडतात? – वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

रोजगार आणि प्रशिक्षण या विषयावर विदर्भातील ग्रामीण भागातून आलेल्या पत्रांपैकी काही निवडक पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार छापलेली नाहीत आणि लांब पत्रांचा मजकूर संक्षिप्त केला आहे.

प्रश्न : मी ग्रामपंचायत सदस्य असून आमच्या महिला बचत गटांच्या प्रभागसंघाचे कामही पाहते. प्रशिक्षणाच्या नियोजनासाठी तालुक्यातील ‘जास्त मागणी असलेले व्यवसाय’ लिहून द्या, असे आम्हाला सांगण्यात आले. आम्ही नेहमीप्रमाणे शिवणकाम, ब्यूटी पार्लर, संगणक आणि मोबाईल दुरुस्ती असे लिहून दिले. परंतु यापूर्वी शिकलेल्यांपैकी बहुतेक जणी घरीच आहेत. खरी मागणी ओळखायची कशी?
(दारव्हा तालुका, जि. यवतमाळ)

उत्तर : आपण दिलेल्या यादीवरून तालुक्यात कोणते प्रशिक्षण देणारे लोक उपलब्ध आहेत हे कळते, कोणत्या कामाला माणूस मिळत नाही हे मात्र कळत नाही. बहुतेक तालुक्यांच्या याद्या अशाच तयार होतात. ज्या अभ्यासक्रमासाठी शिक्षक, खोली आणि दहा यंत्रे सहज जमतात तो मागणीचा व्यवसाय ठरतो, आणि पुढच्या वर्षी मागच्या वर्षीची यादी समोर ठेवून नवी यादी लिहिली जाते.

मागणी ठरवताना तीन गोष्टींची सरमिसळ होते. एखादे काम किती लोक करतात, त्या कामात दरवर्षी किती नव्या जागा निघतात आणि त्यांपैकी किती जागा भरल्या जात नाहीत, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. यवतमाळ जिल्ह्यात सर्वांत जास्त लोक शेतमजुरी करतात, पण म्हणून शेतमजुरीचे वर्ग कोणी काढत नाही. उलट ज्या कामात तालुक्यात जेमतेम आठ माणसे आहेत, त्यातील दोन वयामुळे थांबली की सगळ्यांची कामे अडतात. नियोजनासाठी दुसरा आणि तिसरा प्रश्न महत्त्वाचा आहे.

शासनाच्या आकडेवारीचा येथे थोडा उपयोग होतो, पण तिची मर्यादा ओळखून. 2017 पासून होणाऱ्या नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षणात प्रत्येकाचा व्यवसाय नोंदवला जातो. त्याचे आकडे मुख्यतः राज्याच्या पातळीवर भरवशाचे असतात. जानेवारी 2025 पासून त्याची नमुना पद्धत बदलली आणि जिल्हा हा मूळ घटक धरला जाऊ लागला, तरी तालुक्याचे चित्र त्यातून निघत नाही. सहावी आर्थिक गणना 2013-14 ची आहे आणि शेवटची जनगणना 2011 ची. त्यानंतर गावोगाव ट्रॅक्टर वाढले, बैलजोड्या कमी झाल्या आणि विहिरीवर सौरपंप आले, त्यामुळे तालुक्याला आपली मोजणी आपणच करावी लागते.

या मोजणीत पहिली काळजी व्यवसायाच्या नावाची घ्यावी. ‘मेकॅनिक’ किंवा ‘इलेक्ट्रिशियन’ एवढे लिहून भागत नाही. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरणाच्या 2015 च्या आवृत्तीत घरातील वायरिंग करणारे 7411 या गटात येतात, तर मोटार आणि पॅनेलचे काम करणारे 7412 मध्ये. त्याचप्रमाणे मोटारगाड्यांचा मेकॅनिक 7231 मध्ये आणि शेतीयंत्रे व कारखान्यातील यंत्रे दुरुस्त करणारा 7233 मध्ये मोडतो. तालुक्याच्या गावी दुचाकी दुरुस्तीची दुकाने ओळीने असतात आणि त्यातील निम्मी दुपारी मोकळी असतात, पण ऐन मळणीत थ्रेशरचे बेअरिंग गेले तर माणूस शोधत जिल्ह्याच्या ठिकाणी जावे लागते. दोघांनाही ‘मेकॅनिक’ म्हणून एका रकान्यात घातले तर हा तुटवडा कागदावर कधीच उमटणार नाही.

दुसरी काळजी कोणाला विचारायचे याची आहे. बेरोजगार मुलामुलींना ‘तुला काय शिकायचे आहे’ असे विचारून त्यांची आवड कळते, आणि तीही कळली पाहिजे, परंतु मागणी मात्र काम देणाऱ्यांकडूनच कळते. जिनिंग, डाळमिल, ट्रॅक्टरची वर्कशॉप, कृषी सेवा केंद्रे, महावितरणची कामे घेणारे ठेकेदार, खासगी दवाखाने, तपासणी प्रयोगशाळा, घरबांधणीचे मिस्त्री आणि पाणीपुरवठा योजना चालवणाऱ्या ग्रामपंचायती अशा चाळीस-पन्नास ठिकाणी जाऊन चार गोष्टी विचाराव्यात. गेल्या वर्षभरात किती माणसे नव्याने घेतली, एखादी जागा किती दिवस रिकामी राहिली, त्या जागेला किती पगार देऊ केला होता आणि शेवटी जो माणूस मिळाला तो कुठून आला.

या चौथ्या प्रश्नाचे उत्तर बहुधा सर्वांत बोलके असते. सोयाबीन काढणीच्या हंगामात पंजाब-हरियाणाकडून हार्वेस्टर येतात आणि चालकही सोबत येतो. त्यामुळे ‘आपल्याकडे हार्वेस्टर चालक हवेत’ असा निष्कर्ष पटकन काढला जातो, पण जो मालक आपले यंत्र घेऊन राज्याराज्यांतून फिरतो तो आपल्याच भरवशाचा चालक ठेवणार. तालुक्याच्या वाट्याला येऊ शकणारे काम त्या यंत्राचे पट्टे, पाती आणि हायड्रॉलिक नळ्या जागेवर दुरुस्त करणाऱ्याचे आहे, कारण दहा-बारा दिवसांच्या हंगामात यंत्र एक दिवस उभे राहिले तरी मालक दुप्पट पैसे मोजायला तयार असतो.

नव्या जागा मोजताना वाढीबरोबर बदलीच्या जागाही धराव्यात. समजा, तालुक्यात 60 वायरमन आहेत. त्यांतील दोघे दरवर्षी वयामुळे थांबतात आणि तिघे पुण्या-नागपूरकडे जातात. म्हणजे धंदा तसूभर वाढला नाही तरी दरवर्षी पाच नवे वायरमन लागतील. आयटीआयची एक तुकडी साधारण 20 जणांची असते. हे दोन आकडे शेजारी लिहिले की किती जणांना शिकवावे आणि उरलेल्या पंधरा जणांना तालुक्याबाहेर जावे लागेल हे त्यांना आधीच सांगावे की नाही, याचा विचार करता येतो. हा हिशेब न करता शिकवत सुटल्याचे फळ महाराष्ट्राने डी.एड.च्या बाबतीत पाहिले आहे. शिक्षकांच्या जागा निघत होत्या म्हणून विद्यालये वाढत गेली, पुढे भरती थांबली, आणि पदविका घेतलेली एक संपूर्ण पिढी आजही गावोगाव दुसरी कामे करताना दिसते.

नियोजनाच्या कागदांत आपल्याला ‘स्थानिक गुणोत्तर’ नावाचे एक परिमाण भेटेल. तालुक्यातील शंभर कामकऱ्यांमागे सहा जण जिनिंगमध्ये असतील आणि राज्यात शंभरामागे दोन असतील, तर हे गुणोत्तर तीन येते. आपला तालुका कशात वेगळा आहे हे त्यावरून कळते. त्यापलीकडे त्याचा अर्थ लावू नये, कारण भरपूर माणसे असलेल्या आणि माणसांची बिलकूल गरज नसलेल्या व्यवसायाचेही गुणोत्तर तीन येऊ शकते.

शेवटची कसोटी मजुरीची. एखादा मालक ‘माणूसच मिळत नाही’ असे सतत सांगत असेल आणि तरीही तीन वर्षे तोच पगार देत असेल, तर तेथे कारागिरांचा तुटवडा आहे असे मी लिहून देणार नाही. त्याला त्या पगारात माणूस मिळत नाही, एवढेच ते आहे, आणि ही अडचण प्रशिक्षणाने सुटत नाही. ज्या कामाची रोजी आजूबाजूच्या कामांपेक्षा लवकर वाढते आणि तरीही जागा रिकामी राहते, तेच व्यवसाय यादीत वर घ्यावेत. अशी यादी दहा ओळींची झाली तरी पुरे. ती ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात नोंदवावी आणि जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्राकडे लेखी द्यावी, कारण जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे जिल्ह्याचा कौशल्य आराखडा जातो तेव्हा त्यात तालुक्याकडून आलेला कागद नसेल तर पुन्हा शिवणकामच येईल.

प्रश्न : मी एका जिनिंग कारखान्यात व्यवस्थापक आहे. हंगामात आम्हाला फिटर मिळत नाही, आणि दुसरीकडे रोजगाराच्या संकेतस्थळावर आयटीआय झालेल्या बेरोजगारांची नोंदणी मोठी दिसते. दोन्ही खरे कसे असू शकते?
(हिंगणघाट, जि. वर्धा)

उत्तर : दोन्ही खरे आहे. नोंदणी ही इच्छेची नोंद आहे. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा, पुण्यात काम लागूनही नाव न काढलेला आणि खरोखर घरी बसलेला हे तिघेही त्या आकड्यात एकसारखेच दिसतात. त्यामुळे नोंदणीचा आकडा पुरवठा म्हणून धरू नये. मागणीची बाजूही तितकीच अंधारात असते. 1959 च्या कायद्याने 25 किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना रिक्त पदे कळवण्याची आणि तिमाही विवरण देण्याची पद्धत घालून दिली, पण हंगामी आणि ठेकेदारामार्फत घेतलेला माणूस त्या कागदावर सहसा येत नाही. आपण मागील हंगामात किती फिटरची मागणी लेखी कळवली होती, हे एकदा दप्तरात पाहावे.

आता आपल्या कामाकडे बघू. दुहेरी रोलरच्या जिनवर फिटर काय करतो हे आयटीआयच्या ‘जोडारी’ (फिटर) अभ्यासक्रमात जवळजवळ येतच नाही. रोलर झिजला की त्यावरील खाचा पुन्हा पाडाव्या लागतात. स्थिर पाते आणि हलते पाते यांची एकमेकांवरील चाल थोडी जरी चुकली तरी सरकी फुटते, तिचे तुकडे रुईत जातात आणि 170 किलोच्या गाठीचा भाव पडतो. हे हाताच्या सवयीचे काम आहे. ते जुन्या फिटरच्या शेजारी उभे राहून एक-दोन हंगाम केल्याशिवाय येत नाही. म्हणजे आपल्याला ‘फिटर’ कमी पडत नाही, ‘जिन फिटर’ कमी पडतो, आणि या नावाची जागा कुठल्याच यादीत नाही.

त्याहून मोठी अडचण महिन्यांची आहे. कापसाची आवक दिवाळीच्या सुमारास सुरू होते आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी ओसरते. बुटीबोरीचा किंवा चाकणचा कारखाना ज्याला बारा महिने पगार देतो, तो तरुण पाच महिन्यांसाठी आपल्याकडे का येईल? माझ्या मते या प्रश्नाचे उत्तर प्रशिक्षणापेक्षा वर्षाच्या मांडणीत आहे. जिनिंग संपत आले असताना तुरीची आवक होऊन डाळमिल भरात येतात, सरकीची तेलगिरणी पुढेही चालते, आणि जिनची संपूर्ण खोलून दुरुस्ती पावसाळ्यात करावी लागते. परिसरातील तीन-चार मालकांनी मिळून एक फिटर वर्षभरासाठी वाटून घेतला, म्हणजे अमुक महिने जिन, अमुक महिने डाळमिल आणि बाकीचे दुरुस्तीचे, तर त्याला बारा महिन्यांचा पगार बसतो. हा मार्ग बोलायला सोपा आहे. प्रत्यक्षात एकाच बाजारपेठेत एकमेकांच्या मालावर डोळा ठेवून बसलेल्या मालकांना एका टेबलावर आणणे अवघड असते, आणि ते व्यवस्थापकाला जमत नाही, संघटनेच्या अध्यक्षालाच करावे लागते.

दरम्यान शिकाऊ उमेदवारांचा मार्ग आपल्याला मोकळा आहे. शिकाऊ उमेदवारी अधिनियम, 1961 खालील नियमांप्रमाणे 30 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला, कंत्राटी धरून, एकूण संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे, आणि चार ते एकोणतीस कर्मचारी असलेली आस्थापना ते स्वेच्छेने घेऊ शकते. बहुतेक जण हे ओझे समजतात. आपल्या जुन्या फिटरचे वय साठीकडे झुकले असेल तर त्याच्या हाताखाली दोन मुले याच हंगामात लावावीत.

प्रश्न : मुलगा दहावी उत्तीर्ण झाला. सगळीकडे सौरपंप बसत आहेत, म्हणून त्याला तीन महिन्यांचा सोलर तंत्रज्ञाचा अभ्यासक्रम द्यावा की आयटीआयला विजतंत्रीला (इलेक्ट्रिशियनच्या अभ्यासक्रमाला) घालावे?
(लाखनी तालुका, जि. भंडारा)

उत्तर : प्रवेश मिळत असेल तर विजतंत्रीला घालावे.

सौरपंपांचे काम दोन प्रकारचे आहे. बसवण्याचे काम योजना जोरात असेपर्यंत भरपूर असते. 2024 पासूनच्या ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेमुळे ते वाढले आहे, पण ते कंपनीचे पथक गावोगाव फिरून करते आणि एका तालुक्यातील अर्ज संपले की पथक पुढे जाते. देखभालीचे काम मागे राहते. तथापि या योजनेत पाच वर्षांच्या दुरुस्तीची जबाबदारी पुरवठादारावर आहे, त्यामुळे कंट्रोलर बिघडला तर शेतकरी गावातल्या मुलाला न बोलावता आधी कंपनीकडे तक्रार नोंदवतो, आणि ते योग्यच आहे. स्थानिक कारागिराला खरे काम त्या मुदतीनंतर लागेल. तोवर आपल्या मुलाचे दोन वर्षांचे शिक्षण संपून हात बसलेला असेल. विजतंत्रीला घरांचे वायरिंग, भातगिरणीची मोटार, पाणीपुरवठ्याचा पंप आणि सौर संच अशी चार दारे उघडी राहतात. सोलरचा छोटा अभ्यासक्रम नंतर जोडता येतो, उलट क्रमाने गेल्यास मात्र पहिल्या तीन दारांवर कोणी उभे करत नाही.

एक काम आत्ताच करावे. आपल्या भागातील भातगिरण्यांत मोटारींचे वाइंडिंग कोण करून देतो, तो कुठे राहतो आणि त्याला हाताखाली मुलगा हवा आहे का, हे सुट्टीत विचारून यावे.

प्रश्न : मी शिवणकामाचा अभ्यासक्रम केला, प्रमाणपत्रही आहे. गावात आता शिलाई यंत्र असलेल्या पंधरा जणी आहेत आणि तयार कपडे आठवडी बाजारात स्वस्त मिळतात. आमच्यासाठी मागणीचे दुसरे काम नाही का?
(रिसोड तालुका, जि. वाशीम)

उत्तर : आहे, परंतु स्त्रियांच्या कामाची मागणी मोजताना अंतर आणि वेळ हे दोन रकाने वाढवावे लागतात, आणि नेमके तेच वगळले जातात. तालुक्याच्या दवाखान्यात रात्रपाळीची जागा रिकामी आहे हे खरे असले, तरी शेवटची एसटी संध्याकाळी लवकर सुटत असेल तर आपल्या गावापुरती ती जागा नसल्यासारखीच आहे. मार्च 2023 पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट झाले. त्याने भाडे कमी झाले, गाडीची वेळ बदलली नाही.

मागणी स्पष्ट दिसते ती रुग्णसेवेत. मुले शहरात आणि म्हातारे आईवडील गावात, अशी घरे विदर्भात सर्वत्र आहेत. तालुक्याच्या गावी खासगी दवाखाने वाढले आणि प्रशिक्षित परिचारिका सगळ्यांनाच हवी आहे. येथे एक इशारा देणे आवश्यक वाटते. सहा महिन्यांत ‘नर्सिंग’ शिकवण्याची जाहिरात करणारे वर्ग पुष्कळ आहेत. एएनएम (सहायक परिचारिका व प्रसविका) हा बारावीनंतर दोन वर्षांचा आणि जीएनएम (सामान्य परिचर्या व प्रसविका) तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी झाल्याशिवाय परिचारिका म्हणून काम करता येत नाही. सहा महिन्यांचे प्रशिक्षण रुग्ण सहायिकेचे असते. ते कामही चांगले आहे, पण त्याचा पगार वेगळा आणि पुढची वाटही वेगळी. पैसे भरण्यापूर्वी संस्थेला परिषदेची मान्यता आहे का हे लेखी मागावे. तोंडी ‘प्रोसेसमध्ये आहे’ असे उत्तर आले तर पैसे भरू नयेत.

आपले यंत्र मात्र विकू नका. पंधरा जणी वेगवेगळे ब्लाउज शिवतात तोवर त्या एकमेकींच्या ग्राहक ओढतात. शाळांचे गणवेश किंवा दवाखान्यांच्या चादरी यांचे एकगठ्ठा काम एकत्र घेता आले तर हेच कौशल्य विकले जाते. त्यासाठी शिवण्याइतकेच कापड कापण्यात आणि हिशेबात तरबेज असलेली एक जण लागते, आणि अनेक गटांचे काम तिच्यावाचून अडते.

प्रश्न : आमच्या भागात लोहखनिजाच्या खाणी आणि पोलाद प्रकल्प येत आहेत. स्थानिकांना 80 टक्के नोकऱ्या मिळणार असे सांगितले जाते. मुलांनी कशाची तयारी करावी?
(चामोर्शी तालुका, जि. गडचिरोली)

उत्तर : 80 टक्क्यांची अट नीट वाचावी. राज्याच्या धोरणात पर्यवेक्षकीय श्रेणीत किमान 50 टक्के आणि इतर श्रेणींत 80 टक्के स्थानिक असावेत असे आहे, मात्र तेथे ‘स्थानिक’ म्हणजे महाराष्ट्रात 15 वर्षांचा अधिवास असलेली व्यक्ती. नागपूरचा किंवा कोल्हापूरचा तरुणही त्यात बसतो. चामोर्शीच्या मुलाला त्या अटीने राखीव जागा मिळत नाही.

प्रकल्पाची मागणी टप्प्याटप्प्याने बदलते. उभारणीच्या काळात संधाता (वेल्डर), सळई बांधणारे, पाइप जोडणारे आणि क्रेनचालक शेकड्यांनी लागतात आणि काम संपले की एकदम थांबतात. चालू कारखान्यात त्यामानाने कमी माणसे लागतात, पण ती कायमची असतात : विजतंत्री, जोडारी, उपकरणांचे तंत्रज्ञ, अवजड वाहनांचे चालक आणि ती वाहने दुरुस्त करणारे. तेव्हा आज वीस वर्षांच्या मुलाने वेल्डिंग शिकून उभारणीत शिरणे आणि आज आठवीत असलेल्या मुलाने विज्ञान-गणित सोडू नये हे पाहणे, या दोन वेगळ्या तयाऱ्या आहेत. आपल्या ग्रामसभेने प्रकल्पाकडे पुढील पाच वर्षांचा पदनिहाय मनुष्यबळ तक्ता लेखी मागावा. त्यात पदाचे नाव, संख्या, लागणारी पात्रता, भरतीचे वर्ष आणि ते पद कंपनीच्या पटावर असेल की ठेकेदाराच्या, हे पाच रकाने असावेत. पाचवा रकाना रिकामा सोडून आलेला तक्ता परत पाठवावा.